दारावर टांगलेलं व्हायोलिन आणि त्याच्याकडे जाणारा हात

१८८६ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे एक तैलचित्र लावलं होतं. चित्रात एक जुनं, हिरवट रंगाचं लाकडी दार. बिजागऱ्या गंजलेल्या. दारावर व्हायोलिन टांगलेलं, शेजारी त्याचा गज, मागे स्वरलिपीचा चुरगळलेला कागद, बाजूला वर्तमानपत्राचं एक बारकं कात्रण आणि खाली कोपऱ्यात खोचलेला निळा लिफाफा. माणूस नाही, प्रसंग नाही. तरी त्या चित्रापुढची गर्दी हटेना. व्हायोलिन खरं आहे का, कात्रण खरंच चिकटवलंय का, हे लोकांना हात लावून बघायचं होतं. शेवटी चित्राशेजारी पहाऱ्याला पोलिस उभा करावा लागला.

चित्राचं नाव ‘जुनं व्हायोलिन’, चित्रकार विल्यम मायकल हार्नेट. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

अशी चित्रं हल्ली फोनवर सारखी समोर येतात आणि त्यांच्याखाली दोन प्रश्न हमखास असतात. ‘हे खरंच हाताने काढलंय?’ हा पहिला. ‘एवढं हुबेहूबच काढायचं होतं, तर सरळ फोटो का नाही काढला?’ हा दुसरा. पहिल्यात कौतुक आहे आणि दुसऱ्यात शंका. मला दोन्ही प्रश्न रास्त वाटतात. दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात: चित्रकार नेमकं काय बघतो आणि काय सोडून देतो.

आधी दोन शब्द स्पष्ट करू

पहिला शब्द स्थिरचित्र. टेबलावर, फळीवर किंवा भिंतीवर मांडलेल्या, न हलणाऱ्या वस्तूंचं चित्र. डच भाषेत याला ‘स्तिललेव्हन’ म्हणतात, म्हणजे निश्चल जीवन. फ्रेंचमध्ये ‘नात्यूर मॉर्त’, म्हणजे मृत निसर्ग. यांतला डच शब्द मला जास्त खरा वाटतो. का, ते पुढे येईल.

दुसरा शब्द वास्तववाद, आणि याचे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. एक अर्थ साधा: वस्तू दिसते तशी रंगवण्याचं कौशल्य. दुसरा अर्थ इतिहासातला. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गुस्ताव कूर्बे या चित्रकाराची काही महत्त्वाची चित्रं नाकारली गेली. त्याने जवळच स्वतःचा मंडप उभारला आणि त्याला नाव दिलं ‘वास्तववाद’. त्याचं म्हणणं असं की देव, राजे आणि पुराणातले वीर पुरे झाले. डोळ्यांसमोर जे आहे ते रंगवू. खडी फोडणारे मजूर, गावातली अंत्ययात्रा.

हे बंड होतं, कारण त्याआधी दोनशे वर्षं युरोपात चित्रविषयांची उतरंड ठरलेली होती. १६६७ साली आंद्रे फेलिबियां या फ्रेंच लेखकाने ती लिहूनच ठेवली. सगळ्यात वर इतिहास आणि पुराण, मग व्यक्तिचित्रं, मग प्राणी आणि निसर्गदृश्यं, आणि अगदी तळाला निर्जीव वस्तू. ज्या चित्रात माणूस नाही त्याला मान कमी. कूर्बेच्या पिढीने ही उतरंड मोडायला घेतली आणि तळाच्या वस्तूंनाही भाव आला. एदुआर माने याने १८६२ साली फक्त टोपलीतले कपडे, एक हॅट आणि एक गिटार घेऊन चित्र केलं.

हार्नेट काही कूर्बेच्या गोटातला नव्हता. त्याचा जन्म १८४८ सालचा, आयर्लंडमधला, वाढला फिलाडेल्फियात. बाप चांभारकाम करायचा, आई शिवणकाम. तो स्वतः आधी चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरायचा. अणकुचीदार हत्याराने धातूवर केसाइतकी रेघ ओढायची सवय झालेला हात पुढे ब्रशकडे आला, हे त्याची चित्रं बघताना विसरता येत नाही.

वाद्यंच का?

फुलं आहेत, फळं आहेत, भांडी आहेत. मग चित्रकार पुन्हा पुन्हा वाद्यांकडे का वळले?

पहिलं कारण भूमितीचं आहे. वाद्य काढायला फार अवघड असतं. घडा दोन्ही बाजूंनी सारखा असतो, पेटीला सरळ कडा असतात. ल्यूटला यातलं काहीच नाही. ल्यूट म्हणजे युरोपातलं जुनं तंतुवाद्य. पाठ फुगीर, छत्रीच्या पाकळ्यांसारख्या लाकडी पट्ट्या जोडून केलेली. मान लांब आणि टोकाशी मागे मोडल्यासारखी वाकलेली. असं वाद्य टेबलावर तिरकं ठेवलं तर त्याचा प्रत्येक भाग वेगळ्या प्रमाणात आखूड दिसतो. जवळचं मोठं आणि लांबचं छोटं दाखवण्याच्या या शास्त्राला यथार्थदर्शन म्हणतात.

आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली भूमितीवरचं पुस्तक छापलं. त्यात यथार्थदर्शनाचं यंत्र समजावताना त्याने टेबलावर ल्यूटच ठेवलेलं दाखवलं आहे. यंत्र साधं आहे. भिंतीतल्या एका कडीतून दोरा ओवलेला. ती कडी म्हणजे बघणाऱ्याचा डोळा. दोऱ्याचं दुसरं टोक एक माणूस ल्यूटच्या एकेका बिंदूला लावतो. मधे उभी चौकट. दोरा चौकटीतून जिथे जातो ती जागा दुसरा माणूस हेरून ठेवतो, दोरा बाजूला करतो, चौकटीला बिजागरीने लावलेला कागद दारासारखा मिटतो आणि तिथे टिंब देतो. अशी टिंबं जोडत गेलं की ल्यूट उमटतं. ज्याला ल्यूट जमलं त्याला काहीही जमेल, असा हिशेब त्या पानावर दिसतो.

दुसरं कारण अर्थाचं. सूर निघतो आणि विरतो. हातात काही राहत नाही. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी हे नेमकं पकडलं. कवटी, विझलेला दिवा, लवंडलेला पेला आणि त्यांच्यात व्हायोलिन, असं मांडून ते आयुष्याचं क्षणभंगुरत्व दाखवत. पीटर क्लास याच्या साधारण १६२८ सालच्या अशाच एका चित्रात व्हायोलिनशेजारी काचेचा गोळा आहे, आणि त्या गोळ्यात चित्र काढत बसलेला चित्रकार स्वतः इवलासा दिसतो.

वाद्य बोलकंही करता येतं. हान्स होल्बाइनच्या १५३३ सालच्या ‘राजदूत’ या चित्रात दोन रुबाबदार पुरुष उभे आहेत. त्यांच्यामधल्या मांडणीच्या खालच्या फळीवर ल्यूट आहे आणि त्याची एक तार तुटलेली आहे. शेजारी ल्यूथरपंथी, म्हणजे पोपच्या चर्चपासून फुटलेल्या पंथाच्या, भजनांचं पुस्तक उघडं. युरोपातला ख्रिस्ती धर्म तेव्हा दुभंगत होता. बेसूरपणा दाखवायला एवढी एक तार पुरली.

सपाट कापडावर गोलाई येते कुठून?

कॅनव्हास सपाट आहे. त्यावर फुगीर व्हायोलिन कसं उभं राहतं?

बहुतेकांना वाटतं, रंग अचूक मिळवले की झालं. पण कृष्णधवल फोटोत रंग नसतो, तरी व्हायोलिन गोल दिसतंच. गोलाई येते ती टोनमधून. टोन म्हणजे रंग कोणता हे बाजूला ठेवून, ती जागा किती उजळ किंवा किती काळोखी आहे हे. व्हायोलिनची पुढची फळी मधे फुगते आणि कडेला खाली जाते. उजेड डावीकडून आला तर फुगवट्याची डावी उतरण उजळते आणि उजवी हळूहळू मावळत जाते. हे मावळणं किती सावकाश होतं यावरून डोळा ठरवतो की उतार मंद आहे की तीव्र. टोन एकदम बदलला तर कडा दिसते, हळू बदलला तर गोलाई.

आता अडचण बघा. खऱ्या व्हायोलिनवर खिडकीचा उजेड पडला की त्याच्या चकाकत्या कडेवर जो ठिपका उमटतो तो डोळे दिपवणारा असतो. चित्रकाराकडे पांढऱ्या रंगापेक्षा उजळ काहीच नाही, आणि पांढरा रंग म्हणजे काही दिवा नव्हे. मग तो ठिपका चमकतो कसा? बाकी सगळं खाली उतरवून. भर दुपारी पेटवलेली मेणबत्ती कुणाच्या लक्षात येत नाही, अंधाऱ्या खोलीत तीच डोळ्यांत भरते. चित्रकार सबंध चित्र एक-दोन पायऱ्या काळोखं ठेवतो आणि पांढरा रंग अगदी मोजक्या जागांसाठी राखून ठेवतो. म्हणून अशा चित्रांतली दारं हिरवट-तपकिरी आणि मंद असतात.

तारा हा सगळ्यात सुंदर भाग. नवशिका माणूस खुंटीपासून खालपर्यंत चार सलग रेघा ओढतो आणि त्या तारा न वाटता रेघाच वाटतात. खरी तार बघा. ती सगळीकडे सारखी दिसतच नाही. कुठे चकाकते, कुठे लाकडाच्या रंगात विरून जाते, कुठे फक्त तिची सावली जाणवते. जाणता चित्रकार तार थोडी रंगवतो आणि उरलेली डोळ्यावर सोडतो; दोन चकाकत्या तुकड्यांमधली जागा डोळा स्वतः भरून काढतो. आणि सावली! तार जिथे बोटपट्टीला, म्हणजे मानेवरच्या काळ्या पट्टीला, जवळजवळ टेकलेली असते तिथे सावली तिला चिकटून असते. जसजशी तार वर चढत घोडीकडे, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याकडे, जाते तसतशी सावली तिच्यापासून दूर सरकते. तार किती उंच आहे हे तार सांगत नाही, तिची सावली सांगते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. व्हायोलिनला जी झळाळी असते ती व्हार्निशची. व्हार्निश म्हणजे लाकडावर चढवलेला पातळ, पारदर्शक, किंचित रंगीत थर. उजेड त्या थरातून आत जातो, लाकडावर आपटतो आणि रंगीत होऊन परत येतो. म्हणून लाकूड आतून पेटल्यासारखं वाटतं. तैलरंगातही हेच करता येतं. आधी खाली फिकट रंगात आकार आणि लाकडाच्या रेषा बसवायच्या, ते वाळू द्यायचं आणि मग वरून तेलात पातळ केलेला पारदर्शक तांबूस-सोनेरी थर फिरवायचा. याला ग्लेझ म्हणतात. जुन्या व्हायोलिनच्या व्हार्निशमध्ये जवसासारखं वाळणारं तेल आणि झाडाची राळ असते. तैलरंगही जवसाच्याच तेलात घोटतात. म्हणजे कारागिराने लाकडावर जे केलं, जवळपास तेच चित्रकार कॅनव्हासवर पुन्हा करतो, त्याच जातीच्या द्रव्यांनी.

हार्नेटच्या चित्रात राळ आणखी एका जागी आहे. वादक गजाच्या केसांना राळ घासतो, म्हणजे गज तारेला धरतो. वाजवताना तिची पांढरी भुकटी तारांखाली, घोडीच्या वरच्या बाजूला साचते. हार्नेटच्या व्हायोलिनवर ती भुकटी आहे. हे वाद्य कुणीतरी खूप वाजवलं आहे आणि नंतर पुसलेलं नाही, हे त्या धुरकट पट्ट्यावरून कळतं.

मग हात पुढे का जातो?

अनेक स्थिरचित्रं हुबेहूब असतात, तरी कुणी त्यांना हात लावायला जात नाही. हार्नेटच्या चित्रांना मात्र लोक हात लावायचे. असं चित्र वास्तववादी असतंच, पण त्याला वेगळं नाव आहे: दृष्टिभ्रम चित्र. फ्रेंचमध्ये ‘त्रोंप-लॉय’, म्हणजे डोळ्याला चकवणारं.

चकवा कसा बसतो ते स्वतः करून बघा. अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. आता तोच अंगठा भिंतीला टेकवून लांबून बघा. उडी जवळजवळ नाहीशी होते. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन चित्रांतला हा फरक मेंदू खोली मोजायला वापरतो. टेबलावर मागेपुढे पसरलेली वाद्यं रंगवली, तर खऱ्या टेबलात हा फरक मोठा असायला हवा. कॅनव्हासवर तो नसतो आणि मेंदू लगेच ओळखतो की हे सपाट आहे. पण दारावर टांगलेल्या वस्तू खऱ्या असत्या तरी दारापासून फार तर चार बोटं पुढे आल्या असत्या. फरक इतका थोडा की काही पावलं लांबून मेंदूला तो सहसा जाणवत नाही. म्हणून हार्नेट टेबल सोडून दार घेतो.

बाकीचे नियम यातूनच येतात. वस्तू खऱ्या मापाच्या हव्यात. ‘जुनं व्हायोलिन’ साधारण ९६ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे, त्यात अख्खं व्हायोलिन खऱ्या मापात मावतं. कुठलीही वस्तू चौकटीने अर्धी कापलेली नको. खिळा, वाकलेला कागदाचा कोपरा, वर आलेली बिजागरी अशा जेमतेम पुढे येणाऱ्या गोष्टी हव्यात आणि प्रत्येकीची सावली नेमकी हवी.

आणि चित्रात जिवंत कुणीही नको. कारण जिवंत माणूस हलायला हवा. चित्रातला वादक क्षणभर खरा वाटेल. दुसऱ्या क्षणी त्याचा गज पुढे सरकत नाही, सूर येत नाही, आणि भ्रम फुटतो. दारावर टांगलेलं व्हायोलिन खरंही असतं तरी हललं नसतं, वाजलंही नसतं. जे गप्प आहे तेच चित्रकाराने गप्प दाखवलं. रंगवलेल्या मैफलीत सूर कमी पडतो. या चित्रात काहीच कमी पडत नाही. वाद्यांच्या स्थिरचित्राचा खरेपणा मला इथे दिसतो. हुबेहूब रंगकामाच्या आधी तो विषयाच्या निवडीत आहे. ‘निश्चल जीवन’ हा शब्द म्हणूनच आवडतो.

पण फोटो काढला असता की!

फोटोचं तंत्र जगाला १८३९ साली कळलं. हार्नेट जन्मला तेव्हा ते नऊ वर्षांचं होतं. म्हणजे ही चित्रं कॅमेरा नव्हता म्हणून काढलेली नाहीत. कॅमेरा असताना काढलेली आहेत.

कॅमेरा एका डोळ्याने आणि एकदाच बघतो. खिडकीपुढे बसलेल्या माणसाचा फोटो काढा: खिडकी नीट आली तर चेहरा काळा पडतो, चेहरा नीट आला तर खिडकी पांढरी फटक. आपला डोळा असा बघत नाही. तो खिडकीकडे वळला की आवळतो, सावलीकडे वळला की सैलावतो, आणि या सगळ्या नजरा जोडून मेंदू एक दृश्य बनवतो. चित्रकार याच रीतीने रंगवतो. व्हायोलिनच्या पुढच्या फळीवरच्या, इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारख्या छिद्रांचा काळोख तो वेगळा बघतो, कडेची चमक वेगळी, कागदाचा पिवळटपणा वेगळा. हल्लीचे फोन एका फोटोसाठी अनेक फोटो टिपून ते जोडतात. यंत्रालाही शेवटी भाग भाग करून बघावं लागलं.

पण याहून मोठं कारण हार्नेटने स्वतः एका मुलाखतीत सांगितलं आहे. तो म्हणाला की स्थिरचित्र रंगवताना मी निसर्गाची तंतोतंत नक्कल करत नाही. बरंच काही गाळतो आणि बरंच काही घालतो. मांडणीतून गोष्ट सांगायचा माझा प्रयत्न असतो, असंही तो म्हणाला. आणि नव्या वस्तू सहसा चांगल्या रंगवता येत नाहीत, वापराने मुरलेल्याच लागतात.

दारावरचा स्वरलिपीचा कागद या दृष्टीने बघा. त्यातली एक सुरावट वाचता येते. ती बेल्लिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘ला सोनांबुला’ या ऑपेरातली, म्हणजे संगीत नाटकातली आहे. ऑपेरात एक सरदार कैक वर्षांनी लहानपणच्या गावी परततो आणि ओळखीच्या जागा बघून गातो, तिथली. जुनं दार, जुनं व्हायोलिन आणि जुन्या जागा आठवणारं गाणं. हे आपोआप जुळत नाही. वर्तमानपत्राच्या मजकुराचं मात्र उलट. हार्नेटच्या चित्रांतली छापील बारीक अक्षरं लांबून अगदी वाचता येतील अशी वाटतात, पण जवळ गेलं की बहुतेक ठिकाणी नुसते ब्रशचे ठिपके निघतात. काय वाचू द्यायचं आणि काय नाही, हे तो ठरवतो. निळ्या लिफाफ्यावर पत्ता आहे त्याचा स्वतःचा.

म्हणजे नुसती नक्कलच ना?

हा आक्षेप हार्नेटच्या काळातही होता. समीक्षक अशा चित्रांना हातचलाखी म्हणत. सामान्य लोक, व्यापारी आणि बारमालक ती विकत घेत. नक्कल तर इतकी की १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका बारमध्ये लावलेलं त्याचं नोटेचं चित्र सरकारी अधिकाऱ्यांनी जप्त केलं. खोट्या नोटा बनवण्याविरुद्धचा कायदा त्यांनी पुढे केला. हार्नेटने नंतर नोटा रंगवल्या नाहीत.

नक्कल म्हणजे यांत्रिक काम असेल, तर दोन निष्णात चित्रकारांची नक्कल सारखीच यायला हवी. ती येते का, याची परीक्षा इतिहासाने फार चांगली घेतली आहे.

जॉन फ्रेडरिक पीटो हा हार्नेटचा फिलाडेल्फियातला मित्र, वयाने सहा वर्षांनी लहान. तोही दारावर टांगलेली व्हायोलिनं, जुनी पुस्तकं, फाटके कागद रंगवायचा. पुढे तो न्यू जर्सीतल्या आयलंड हाइट्स या छोट्या गावात राहिला. धार्मिक मेळाव्यांत कॉर्नेट हे ट्रंपेटसारखं वाद्य वाजवायचा. चित्रकार म्हणून नाव झालंच नाही. हार्नेट १८९२ साली वारला, पीटो १९०७ साली. त्यानंतर कुणीतरी पीटोच्या कितीतरी चित्रांवर हार्नेटची खोटी सही केली, कारण हार्नेटच्या नावाला किंमत होती. मोठमोठ्या संग्रहालयांतही ती चित्रं हार्नेटची म्हणून लागली.

हे उघडकीला आणलं आल्फ्रेड फ्रँकेनस्टाइन यांनी. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका दैनिकात ते संगीत आणि कलेचे समीक्षक होते. १९४०च्या दशकात हार्नेटचा अभ्यास करताना त्यांना दोन वेगळे हात दिसू लागले. एक कठीण, लख्ख हात: लोखंड लोखंडासारखं, कागद कागदासारखा, लाकूड लाकडासारखं. दुसरा मऊ: कडा पिठासारख्या विरघळणाऱ्या, सगळ्या वस्तूंवर एकच धुळकट उजेड. ‘मऊ’ चित्रांतल्या वस्तू पीटोच्या घरात अजून पडून होत्या. एका चित्रात रंगवलेल्या टपालशिक्क्यावर तर हार्नेटच्या मृत्यूनंतरची तारीख निघाली.

तेच विषय, त्याच प्रकारची मांडणी, शिक्षणही जवळपास एकाच शहरातलं. तरी कडा विरते कशी एवढ्यावरून माणूस ओळखता आला. हस्ताक्षरासारखंच आहे हे. एकच वाक्य दोघांनी लिहिलं म्हणून अक्षर सारखं होत नाही. पीटोची व्हायोलिनं मला हार्नेटच्या व्हायोलिनांपेक्षा एकटी वाटतात. त्यातली काही मोडकी आहेत.

यात भावना कुठे आहे?

यासाठी दोनशे वर्षं मागे, इटलीतल्या बेर्गामो शहरात जाऊ. तिथे एवारिस्तो बास्केनिस नावाचा धर्मगुरू होता, जन्म १६१७, मृत्यू १६७७. तो चित्रकार होता आणि वादकही. एका चित्रात त्याने स्वतःला स्पिनेट या छोट्या कळवाद्यावर बसलेलं दाखवलं आहे. उत्तम व्हायोलिनं बनवणारं क्रेमोना तिथून फार लांब नाही. बास्केनिसने वाद्यांचं स्थिरचित्र हाच स्वतंत्र प्रकार बनवला. टेबलावर गालिचा, त्यावर एकमेकांना टेकलेली ल्यूटं, व्हायोलिनं, गिटार आणि स्वरलिपीची पानं. मागे अंधार. ल्यूटं पुष्कळदा पालथी ठेवलेली, फुगीर पाठ वर. तारा खाली दबलेल्या, म्हणजे वाजायची सोयच नाही.

आणि त्या पाठीवर धूळ. बारीक, करडी, एकसारखी बसलेली धूळ, आणि त्या धुळीतून ओढलेल्या बोटांच्या खुणा. कुणीतरी जाता जाता सहज हात फिरवला आणि खालचं चकाकतं लाकूड चार पट्ट्यांत उघडं पडलं.

हे रंगवायचं कसं याचा विचार करा. आधी पट्टी-पट्टीचं लाकूड, मग त्यावरचं व्हार्निश, मग त्यावरची धूळ, आणि मग न लावलेली धूळ. इतकं कष्टाने बनवलेलं लाकूड धुळीखाली झाकायचं, आणि ते पुन्हा दिसावं म्हणून एक हात कल्पायचा जो चित्रात नाही. धूळ सांगते की वाद्य बरेच दिवस कुणी उचललेलं नाही. बोटं सांगतात की कुणीतरी आत्ताच इथून गेलं. उचलून वाजवलं मात्र नाही. रडणारा चेहरा रंगवून मला ही हुरहुर इतकी लागली नसती.

हार्नेटची राळेची भुकटी आणि बास्केनिसची धूळ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत: एक वाजवल्याने पडते, दुसरी न वाजवल्याने.

वाद्यांच्या अभ्यासकांना याचा उपयोग होतो?

खूप. जुनी वाद्यं उरली तरी जशीच्या तशी क्वचितच उरतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या जवळपास सगळ्या व्हायोलिनांच्या माना पुढे बदलल्या गेल्या. मोठ्या सभागृहांत आवाज पोचावा म्हणून त्या लांब आणि तिरक्या केल्या. मूळ मान, बोटपट्टी आणि घोडी कशी होती, गज कसा वळलेला असे, हे शोधताना त्या काळची चित्रं हा मोठा पुरावा ठरतो. चित्रांतल्या वाद्यांची पद्धतशीर नोंद ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९७१ सालापासून चालू आहे.

पुरावा डोळे झाकून घ्यायचा नाही, हेही खरं. बास्केनिसच्या अनेक चित्रांत तेच ल्यूट त्याच कोनात पुन्हा दिसतं. एकदा बसवलेली बाह्यरेषा तो परत वापरत असे. हार्नेट तर गाळतो आणि घालतो हे आपण वर बघितलंच.

आता हे सगळं जुनं झालं का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी व्हायोलिन आणि गिटार घेऊन चित्रांची भाषाच बदलली. वाद्य समोरून, बाजूने, वरून एकदमच दाखवायचं, त्यासाठी त्याचे तुकडे करायचे. यालाच घनवाद म्हणतात. वस्तू एका डोळ्याने, एका जागेवरून बघायची ही ड्यूररच्या दोऱ्याची अट त्यांनी तोडून टाकली. त्यांनी पुन्हा वाद्यच का निवडलं याचं एक कारण तरी उघड आहे: व्हायोलिनची ती दोन छिद्रं, मानेचा गोल वेटोळा आणि चार तारा इतक्या ओळखीच्या आहेत की बाकी सगळं विस्कटलं तरी डोळा म्हणतो, व्हायोलिन.

ब्राकचं १९१० च्या सुमाराचं एक चित्र स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयात आहे, ‘व्हायोलिन आणि सुरई’. करड्या-तपकिरी तुकड्यांचा नुसता खच. व्हायोलिन शोधावं लागतं, सुरई त्याहून जास्त. आणि चित्राच्या अगदी वर एक खिळा आहे. तो मोडलेला नाही, तिरका केलेला नाही. एका बाजूने उजेड घेतलेला, दुसऱ्या बाजूला बारीकशी सावली पडलेला, हार्नेटच्या दारावर शोभेल असा खिळा.